गुडघ्यात इंजेक्शन घेण्यापूर्वी, घेताना आणि घेतल्यानंतर

आईच्या उजव्या गुडघ्यात पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा दवाखान्यात शिरून बाहेर पडेपर्यंत आम्हाला अर्धा तासही लागला नव्हता. कोणते औषध दिले, त्याचा परिणाम किती दिवस टिकेल, घरी गेल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचे, यातले काहीच आम्ही विचारले नाही आणि कोणी आपणहून सांगितलेही नाही. तिला मधुमेह आहे हे केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलेले होते. दुसऱ्या दिवसापासून तिला सारखी तहान लागू लागली, रात्री चार-चार वेळा उठावे लागले, आणि तिसऱ्या दिवशी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहिली तर आकडा ३४० च्या पुढे गेलेला होता. गुडघा मात्र कित्येक महिन्यांत प्रथमच शांत होता. औषधाने आपले काम केले होते, पण आम्हाला तयारीविना पाठवले गेले होते. ज्यांच्या घरात ‘एकदा इंजेक्शन घेऊन बघू या’ हा विषय आता निघाला आहे, त्यांना निदान योग्य प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोर बसता यावे, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली पायरी : दुखणे नेमके कशाचे आहे ते ठरवून घ्या

पंचेचाळिशीनंतर चालताना, जिना उतरताना किंवा मांडी घालून उठताना दुखणारा आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा गुडघा बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसचा असतो. या लेखात पुढे जे सांगितले आहे ते याच दुखण्यापुरते आहे. सकाळचा ताठरपणा तासभर राहत असेल आणि हातांची बोटेही सुजत असतील, तर आमवाताची तपासणी आधी व्हायला हवी. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल तर आतल्या गादीला इजा झालेली असू शकते. कधीकधी मूळ दुखणे खुब्यात असते आणि रुग्ण बोट गुडघ्यावर ठेवतो, त्यामुळे डॉक्टरांनी खुबा हलवून पाहिला नसेल तर तसे सुचवायला संकोच करू नये. ताप आहे, गुडघा लाल व गरम झाला आहे आणि वाकवताच येत नाही, अशा वेळी इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण सांध्यात पू झालेला असू शकतो.

एक्स-रे काढायचाच असेल तर तो उभे राहून, पायावर भार देऊन काढलेला असावा, कारण आडवे झोपून काढलेल्या चित्रात सांध्यातील अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. ‘गॅप कमी झाली आहे’ हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले असते. ती गॅप म्हणजे रिकामी जागा नव्हे. हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिच्या जागी अंतर दिसते आणि कूर्चा झिजली की ते अंतर घटते. ही झीज मोजण्यासाठी १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी मांडलेली ० ते ४ अशी श्रेणी आजही वापरली जाते. आपली श्रेणी कोणती हे विचारून लिहून घ्यावे. ती चौथी असेल आणि पाय धनुष्यासारखा वाकला असेल, तर इंजेक्शनांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. दुसऱ्या श्रेणीचा माणूस कण्हत असतो आणि तिसऱ्या श्रेणीचा गावभर फिरत असतो, म्हणून केवळ चित्र पाहून घाबरू नये.

दुसरी पायरी : इंजेक्शनाआधीचे उपाय खरोखर करून झाले आहेत का?

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा लागतो. ‘व्यायाम करून पाहिला, उपयोग नाही’ असे आई सांगत असे, आणि खोदून विचारल्यावर कळले की तो व्यायाम आठवडाभरातच सुटला होता. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ येण्यासाठी निदान सहा ते आठ आठवडे नियमित व्यायाम लागतो. वजनाचे गणितही सांगण्याजोगे आहे : एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मापनात आढळले. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक मलम दिवसातून तीन-चार वेळा नियमाने लावल्यास गोळ्यांचा पोटावर आणि मूत्रपिंडावर येणारा ताण टळतो. जमिनीवरची बैठक सोडून खुर्ची, भारतीय संडासाऐवजी कमोड आणि दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी, हे बदल किरकोळ वाटतात, पण दिवसभरात गुडघ्यावर येणारा भार ते बराच कमी करतात.

इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची थेट तुलनाही झालेली आहे. अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत १५६ रुग्णांवर झालेली ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस, फिजिओथेरपी घेतलेल्यांच्या वेदना आणि हालचालींतील अडचणी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी होत्या. याचा अर्थ इंजेक्शन घेऊच नये असा नाही. वेदना इतकी असेल की व्यायामाला पाय उचलताच येत नाही, तर तो पाय उचलण्याजोगा व्हावा म्हणून इंजेक्शन घ्यावे, आणि हेच त्याचे सर्वांत योग्य कारण आहे असे माझे मत झाले आहे.

तिसरी पायरी : कोणते इंजेक्शन, हे नाव घेऊन विचारा

‘गुडघ्यातले इंजेक्शन’ हे एका औषधाचे नाव नाही. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची किंमत, परिणाम व पुरावा यांत मोठे अंतर आहे.

पहिले स्टेरॉइडचे. बहुधा ट्रायॲमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन हे औषध साधारण ४० मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात. सांध्यात स्टेरॉइड देण्याची पद्धत १९५१ पासून चालत आली आहे. ते आतल्या आवरणाची सूज उतरवते, म्हणून गुडघा सुजलेला, गरम किंवा पाणी भरलेला असेल तर त्याचा विशेष उपयोग होतो. आराम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो आणि काही आठवडे टिकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात ही मुदत दोन ते दहा आठवडे अशी सांगितली आहे. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. उलट तेच औषध पुन्हा पुन्हा घेतले तर नुकसान होऊ शकते. बोस्टनमध्ये १४० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर बारा आठवड्यांनी, दोन वर्षे, एका गटाला ट्रायॲमसिनोलोन आणि दुसऱ्या गटाला केवळ सलाइनचे पाणी दिले होते. स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा अधिक झिजली आणि वेदनांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणूनच एका गुडघ्यात दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिन्यांचे अंतर ठेवतात, आणि ठरावीक तारखेला हजेरी लावल्यासारखे ते घेत राहणे शहाणपणाचे नाही.

दुसरे हायल्युरॉनिक आम्लाचे, ज्याला आपल्याकडे ‘जेलचे’, ‘वंगणाचे’ किंवा ‘ग्रीसचे’ इंजेक्शन म्हणतात. हा पदार्थ १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील द्रवातून प्रथम वेगळा काढला गेला. आपल्या सांध्यातील द्रवाचा चिकटपणा त्याच्यामुळेच असतो. काही उत्पादने एकदाच देतात, काही आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा देतात. ‘ग्रीस संपले, ते भरू’ ही उपमा ऐकायला सोपी आहे, पण ती फसवी आहे, कारण आत सोडलेले जेल काही दिवसांतच सांध्यातून निघून जाते. मग महिनोन्‌महिने बरे वाटल्याचे सांगणारे रुग्ण खोटे बोलतात का? मुळीच नाही. दुखणे स्वतःच चढते-उतरते असते, आणि चाचण्यांमध्ये केवळ सलाइनचे पाणी टोचलेल्यांनाही बऱ्यापैकी आराम पडलेला दिसतो. त्या आरामावर जेलची भर किती, हाच खरा प्रश्न आहे. अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार ती भर इतकी लहान आहे की रुग्णाला रोजच्या जगण्यात ती जाणवण्याची शक्यता कमी. नाइस हे इंजेक्शन देऊ नये असे म्हणते, अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना ते सरसकट वापरू नये असे म्हणते, तर ओआर्सी ही आंतरराष्ट्रीय संस्था काही रुग्णांत त्याला जागा देते. माझे मत विचाराल तर, ज्यांना स्टेरॉइड चालत नाही, शस्त्रक्रिया लगेच करायची नाही आणि हा खर्च जड जाणार नाही, त्यांनीच याचा विचार करावा. सोने गहाण ठेवून हे इंजेक्शन घेऊ नये.

तिसरे पीआरपी. यात आपल्याच शिरेतून रक्त काढतात, यंत्रात वेगाने फिरवून प्लेटलेटचा दाट भाग वेगळा करतात आणि तो काही मिलिलिटर द्रव गुडघ्यात सोडतात. आपलेच रक्त असल्याने ॲलर्जीची भीती जवळजवळ नसते, आणि ‘नैसर्गिक उपचार’ या शब्दाची भुरळही पडते. मात्र रक्त किती काढायचे, किती वेळ फिरवायचे, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, याची एकच पद्धत ठरलेली नाही, त्यामुळे एका दवाखान्यातील पीआरपी दुसऱ्यासारखे असेलच असे नाही. काही लहान चाचण्यांत फायदा दिसला. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटक्या चाचणीत मात्र बारा महिन्यांनंतर वेदनांत आणि कूर्चेच्या झिजेत पीआरपी व सलाइनचे पाणी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या जाहिरातींबद्दल एवढेच सांगते की आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता मिळालेले उपयोग वगळता मूलपेशींचा वापर रीतसर नोंदलेल्या चाचणीतच करायचा असतो. ‘कूर्चा पुन्हा उगवेल’ असे सांगून लाखाचा आकडा मांडणाऱ्याकडे त्या उत्पादनाच्या मान्यतेचा किंवा चाचणीच्या नोंदणीचा कागद मागावा.

चौथी पायरी : इंजेक्शनापूर्वी काय सांगायचे

डॉक्टर विचारतील याची वाट न पाहता पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सीचा अहवाल बरोबर ठेवावा. साखर आधीच हाताबाहेर असेल तर स्टेरॉइड पुढे ढकलणे बरे, आणि द्यायचेच असेल तर पुढच्या आठवड्यात गोळ्या किंवा इन्शुलिन कसे बदलायचे हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच इंजेक्शन देता येते, आणि बंद केल्याने होणारे नुकसान गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा कितीतरी मोठे असू शकते. गुडघ्यावर गळू, जखम किंवा नायटा असेल, लघवीचा वा दातांचा जंतुसंसर्ग चालू असेल, तर इंजेक्शन थांबवावे लागते. जेलची काही उत्पादने कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात, म्हणून अंडी किंवा कोंबडीची ॲलर्जी असल्यास ते सांगायलाच हवे. गुडघेबदलाची शस्त्रक्रिया येत्या तीन महिन्यांत ठरली असेल तर त्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊ नये, कारण त्याने शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ज्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवला आहे, त्यात तर हे इंजेक्शन द्यायचेच नसते.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलावे. स्टेरॉइडची कुपी शेकड्यांत येते आणि जेलचे इंजेक्शन हजारांत जाते, त्यामुळे औषधाची छापील किंमत किती आणि टोचण्याचे शुल्क किती, हे वेगवेगळे विचारणे हा आपला हक्क आहे. रिकामी खोकी आणि कुपीवरची चिठ्ठी मागून घ्यावी, कारण पुढच्या वेळी ‘मागे कोणते दिले होते?’ या प्रश्नाचे उत्तर तीच देते.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष खोलीत

सैल सलवार, लेंगा किंवा गुडघ्याच्या वर सहज सरकेल असे काहीतरी घालून जावे, आणि परत येताना गाडी चालवायला दुसरे कोणी बरोबर असावे. आईच्या दुसऱ्या इंजेक्शनाच्या वेळी डॉक्टर वेगळे होते आणि मी खोलीत थांबले होते. त्यांनी तिला पाठीवर झोपवले, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला, वाटी दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली आणि वाटीच्या बाहेरच्या कडेखाली पेनाने बारीक खूण केली. मग हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे घालून त्या जागेवर तपकिरी औषध दोनदा लावले आणि ते वाळेपर्यंत थांबले. या थांबण्याला महत्त्व आहे, कारण ते औषध वाळतानाच जंतू मारते. गुडघ्यात पाणी होते, म्हणून आधी रिकाम्या सिरिंजने ते ओढून घेतले. ते करडईच्या तेलासारखे पिवळे, पारदर्शक होते. डॉक्टरांनी थेंब कापसावर सोडला तेव्हा त्याची तार लांबत गेली. असे स्वच्छ पाणी झिजेच्या दुखण्यात असते, आणि ते गढूळ निघाले असते तर औषध न देता तपासणीला पाठवले असते, असे त्यांनी सांगितले. सुई तशीच ठेवून सिरिंज बदलली, औषध आत गेले, वर छोटी पट्टी लावली. सगळे मिळून दहा मिनिटे.

सुई बाहेरच्या बाजूने, वाटीच्या मध्याशी घातली तर ती सांध्यात अचूक पोहोचण्याचे प्रमाण ९३ टक्के आणि पुढच्या बाजूने घातली तर ७१ ते ७५ टक्के, असे २००२ च्या एका अभ्यासात दिसले. जाड मांडीच्या किंवा वेड्यावाकड्या झिजलेल्या गुडघ्यात सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालणे चांगले, पण प्रत्येकाला त्याची गरज नसते.

सहावी पायरी : पहिले आठ दिवस

पहिले दोन दिवस चालण्या-फिरण्याला हरकत नाही, पण जिने, ओझी, लांब चाल आणि उकिडवे बसणे टाळावे. पट्टी असेपर्यंत गुडघा पाण्यात बुडवू नये आणि टोचल्या जागेवर तेल, लेप किंवा मालिश करू नये. काही जणांचे दुखणे पहिल्या दिवशी उलट वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवल्याने ते उतरते आणि दोन-तीन दिवसांत थांबते. चेहरा लालसर व गरम होणे हेही स्टेरॉइडने होते आणि आपोआप जाते. मधुमेही व्यक्तीने साखर पहिले सात दिवस, सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर, अशी दोनदा तपासून लिहून ठेवावी. दुसऱ्या वेळी आम्ही तसे केले, गोळ्यांचा बदल आधीच विचारून ठेवला होता, आणि आकडा २२० च्या वर गेला नाही.

जंतुसंसर्ग फार क्वचित होतो, पण तो ओळखता आलाच पाहिजे. दुखणे तीन दिवसांनंतरही वाढतच आहे, ताप किंवा थंडी वाजते आहे, गुडघा टरटरून फुगला आहे, पाय टेकवताही येत नाही, यातले काहीही असेल तर रात्र असली तरी निघावे. घरी पडलेली अँटिबायोटिकची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, कारण पू झालेला सांधा तासातासाने खराब होत जातो.

सातवी पायरी : दुखणे थांबलेले असतानाचे आठवडे

खरे काम इथे असते आणि बहुतेक जण इथेच थांबतात. दुखत नाही म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जायचे राहून जाते, आणि दोन महिन्यांनी दुखणे परतले की मांडी होती तितकीच अशक्त असते. आईला तिच्या फिजिओथेरपिस्टने तीनच व्यायाम दिले होते. पलंगावर पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे, असे दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवूनच वीतभर उचलायचा, पाच मोजायचे आणि हळूहळू खाली आणायचा. तिसरा व्यायाम जड : टणक खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता उठायचे आणि धपकन न बसता सावकाश बसायचे. सुरुवातीला तिला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी लागली आणि तरीही चारच्या पुढे जाता येईना. सहाव्या आठवड्यात उशी निघाली आणि ती दहापर्यंत पोहोचली. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरत असेल तर चालू ठेवावे, नाहीतर संख्या कमी करावी.

कॅलेंडरच्या चौकटीत रोज रात्री वेदनेचा ० ते १० असा एक आकडा लिहावा. त्यासाठी दोन सेकंद लागतात. ‘इंजेक्शनाचा फायदा झाला का?’ असे डॉक्टरांनी तीन महिन्यांनी विचारले की आठवणीवर विसंबून राहावे लागत नाही.

आठवी पायरी : पुढचे इंजेक्शन घ्यायचे की नाही

ते कॅलेंडर घेऊन बसावे. आकडा निम्म्यावर आला होता आणि दोन-तीन महिने तसाच टिकला असेल, तर पुन्हा कधी सूज आल्यास त्याच औषधाचा विचार करता येतो. दोन-तीन आठवड्यांतच आकडा पूर्ववत झाला असेल तर तेच औषध पुन्हा टोचून मुदत वाढत नाही. दोनदा घेऊनही उपयोग न झालेल्या माणसाला तिसरे सुचवले गेले, तर ‘यावेळी वेगळे काय होईल?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालणे अवघड झाले आहे, पाय वाकत चालला आहे, अशी वेळ आली असेल तर गुडघेबदलाबद्दल शल्यचिकित्सकाशी बोलायला हवे, आणि तेव्हा शेवटच्या इंजेक्शनाची तारीख त्यांना आवर्जून सांगायची. आईच्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहिलेली आहे आणि तिच्याखाली तीन महिने मोजून दुसरी.